मोबाइलमधला चंद्र चालतो

‘मी ग्रहण पाळणार आहे. तू येतेयस का सोबतीला?’

ताईचा फोन. तारीख ४ सप्टेंबर २०२५, वेळ दुपारची, मी एका कॅफेत बसून डेडलाइनशी झटापट करत होते. मला वाटलं, गंमत करतेय. कारण माझी ताई म्हणजे मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी., सात वर्षं लॅबमध्ये. पाणीपुरी खाताना भैयाच्या नखांकडे बघून कॉलराचं लेक्चर देणारी बाई. ती ग्रहण पाळणार?

‘कशाला पण?’ मी.

‘आईला बरं वाटेल. सासूबाईंचा साताऱ्याहून रोज फोन येतोय. आणि...’ मग ती थांबली. ‘तू ये फक्त. आणि प्लीज, भाषण नको.’

भाषण नको, हे माझ्यासाठीच होतं. आमच्या घरात मी ऑफिशियल नास्तिक आहे. मास कॉमला असताना मी अंधश्रद्धा या विषयावर प्रोजेक्ट केला होता, तेव्हापासून माझ्याकडे दारूगोळा तयार असतो. त्यातला माझा सगळ्यात लाडका बॉम्ब म्हणजे डॉ. जयंत नारळीकरांनी पुण्यात केलेला प्रयोग. दोनशे मुलांच्या पत्रिका, त्यातली शंभर हुशार आणि शंभर मतिमंद. ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं, की प्रत्येकी चाळीस पत्रिका घ्या आणि ओळखा कोणतं मूल कोणतं. ५१ जण तयार झाले, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर! नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आले असते. हे २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलं. या प्रयोगात नारळीकरांसोबत डॉ. नरेंद्र दाभोलकरही होते. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घातल्या तेव्हा मी सोळा वर्षांची होते. त्या सकाळी बाबांनी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही. तर सांगायचं म्हणजे, माझ्यासाठी हा विषय फक्त डिबेटचा कधीच नव्हता.

पण ताईला हे सगळं पाठ होतं. आणि ताई पंचवीस आठवड्यांची गरोदर होती.

आता तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगायला हवी. ही मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

२८ ऑक्टोबर २०२३. कोजागिरी. त्या वर्षी कोजागिरीलाच खंडग्रास चंद्रग्रहण होतं, रात्री एक वाजून पाच मिनिटांपासून सुमारे दोन तेवीसपर्यंत. त्यामुळे आमच्या सोसायटीत मसाला दुधाचा मोठाच पेच झाला होता. दूध चंद्राला दाखवायचं की नाही, दाखवलं तर प्यायचं की नाही? शेवटी निम्म्यांनी पिऊन टाकलं आणि निम्म्यांनी सकाळी तीर्थासारखं घेतलं. ताई तेव्हा माहेरी आली होती. आठवा आठवडा. आईने तिला अकरा वाजताच खोलीत पाठवलं, खिडकीचा पडदा ओढला आणि मग स्वतः झोपून गेली.

सव्वा वाजता मी ताईला उठवलं. ‘चल ना, गच्चीवर जाऊ. काही होत नाही गं.’

ती हसली आणि आली. आम्ही चपला हातात घेऊन जिना चढलो, शाळेत असताना चढायचो तसं. चंद्राला खालून जेमतेम एक छोटासा घास लागलेला होता. खरं सांगायचं तर तसं निराशाजनकच ग्रहण. ताई म्हणाली, ‘एवढंच? याच्यासाठी झोपमोड केलीस?’ मग आम्ही पाण्याच्या टाकीला टेकून अर्धा तास गप्पा मारत बसलो. नावांची यादीसुद्धा केली.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत बाळाचे ठोके नव्हते.

डॉक्टरांनी नीट समजावलं. पहिल्या तीन महिन्यांत गर्भपात होणं दुर्मीळ नाही, शंभरातल्या दहा ते वीस गरोदरपणांत होतं. त्यातल्या जवळपास निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच गडबड असते, म्हणजे ते सुरुवातीलाच ठरलेलं असतं. कुणी काही केल्यामुळे नाही, कुणी काही न केल्यामुळेही नाही. मी मान डोलावत होते, कारण मला ते माहीतच होतं. आणि त्याच रात्री दोन वाजता, पांघरुणात तोंड खुपसून, मी मोबाइलवर टाइप केलं: ‘चंद्रग्रहण गर्भपात’.

हो, मीच. घरातली ऑफिशियल नास्तिक.

त्यामुळे दोन वर्षांनी ताई ‘मी ग्रहण पाळणार आहे’ म्हणाली, तेव्हा मला जो राग आला तो विज्ञानाच्या बाजूने आलेला नव्हता. मला तो सरळ आरोप वाटला. शनिवारी तिच्या वाकडच्या घरी पोहोचले आणि चहा व्हायच्या आत मी विचारून टाकलं, ‘म्हणजे तुला वाटतं की त्या दिवशी आपण...’

‘मला काहीही वाटत नाही,’ ती म्हणाली. ‘ग्रहणाने काही होत नाही, हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. बाळाचा ओठ सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळून येतो, टाळू बाराव्यापर्यंत. माझा पंचविसावा चालू आहे. स्कॅनमध्ये ओठ बघितलाय मी. उद्या मी सुरी घेऊन नाचले तरी तो परत फाटणार नाहीये.’

‘मग?’

‘मग काय? काही झालंच ना, तर मी रोज रात्री तीन वाजता उठून हिशेब मांडत बसेन. मागच्या वेळी बसलेच होते. साडेतीन तास गप्प बसून तो हिशेब उघडायचाच नसेल, तर मला ते स्वस्त पडतं.’

यावर काय बोलणार? मी तरी बोललेच. म्हटलं, हा इन्शुरन्स तुला स्वस्त पडतो, पण त्याचा हप्ता दुसरंच कुणी भरतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आहेत. त्यांचा मुलगा जन्मला तेव्हा त्याचा वरचा ओठ दुभंगलेला होता. जगात साधारण सातशे बाळांमागे एका बाळाला असा दुभंग असतो. त्यात काही भाग आनुवंशिक, काही पोषणाचा, काही औषधं आणि धूम्रपानाचा आणि काही नुसता योगायोग. मुलाचं ऑपरेशन मोफत झालं, आता तो दहावीला आहे, मस्त बोलतो. पण मावशींच्या सासूने पंधरा वर्षांत एक वाक्य सोडलेलं नाही: ‘गिरणात भाजी चिरली हिनं.’ मावशींना आठवतही नाही त्या दिवशी ग्रहण होतं की नव्हतं. तुझ्यासारख्या शिकलेल्या बायका गप्प बसून राहतात, म्हणून मावशींच्या सासूला वाटतं की आपलंच खरं.

ताईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘बरोबर आहे तुझं.’ आणि थोड्या वेळाने, ‘तरी मी बसणार आहे.’

रविवार, ७ सप्टेंबर. भाद्रपद पौर्णिमा. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी झालेली, पुण्याच्या रस्त्यांवर गुलाल आणि चपलांचा खच. आई सकाळीच येऊन दाखल झाली होती, पिशवीत तुळस, दूर्वा आणि कालनिर्णय. म्हणजे कालनिर्णय ताईच्या किचनमध्येही होतं, पण आईचं वेगळं, पेनने खुणा केलेलं. दुपारी एकच्या सुमाराला वेध लागले. लहान मुलं, म्हातारे, आजारी आणि गरोदर यांना सवलत, त्यांचे वेध संध्याकाळी पाचनंतर. (आपल्या धर्मशास्त्रात मेडिकल लीव्हची सोय आहे, हे मला तेव्हाच कळलं.) फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तुळशीचं पान. इडलीच्या पिठावर तुळस, दुधावर तुळस, जीजूंच्या कोल्ड कॉफीवरसुद्धा तुळस.

जीजू सोफ्यावर बसून मुंबईच्या बातम्या बघत होते. लालबागच्या राजाचं विसर्जन भरतीमुळे रखडलं होतं. राजा चौपाटीवर पाण्यात उभा, आणि टीव्हीवर एकच चर्चा, वेध लागल्यावर विसर्जन चालतं का? मला गंमत वाटत होती ती वेगळीच. सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत आले म्हणून ग्रहण, आणि ते एका रेषेत आले की सूर्य-चंद्राचं ओढणं एकाच दिशेने जोर धरतं, म्हणून पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी. म्हणजे बाप्पाला अडवणारा चंद्र आणि वेध लावणारा चंद्र, दोन्ही एकच! शेवटी नऊच्या सुमाराला, ग्रहण लागायच्या आत, विसर्जन झालं. आईने टीव्हीला हात जोडले आणि जीजूंनीही जोडले. जीजू डेटा सायंटिस्ट आहेत.

तसं म्हटलं तर हे नवीन नाही. ताईच्या लॅबमध्ये खंडेनवमीला ऑटोक्लेव्हला झेंडूचा हार असतो. इस्रोचे शास्त्रज्ञ तर चांद्रयान-३ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, १३ जुलै २०२३ ला, यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला गेले होते. तेव्हा मी त्यावर एक खवचट लेख लिहिला होता. सव्वा महिन्याने यान चंद्रावर उतरलं आणि माझ्या आईने तो लेख फोनवर मला परत फॉरवर्ड केला. नुसता. एकही शब्द न लिहिता.

दहाला तीन मिनिटं कमी असताना स्पर्श झाला. हा ‘स्पर्श’ शब्द कालनिर्णयातला. स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. किती देखणे शब्द आहेत ना! ताई बेडवर उशीला टेकून पाय सरळ करून बसली. पडदे बंद. हातात जपमाळ नाही, तेवढं तिने ठणकावून सांगितलं होतं. आईने खालच्या गादीवर बसून पोथी उघडली. मी खुर्चीत.

‘आई, मोबाइलवर लाइव्ह बघितलं तर चालेल का?’ ताईने विचारलं. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अॅस्ट्रोफिजिक्सचं लाइव्हस्ट्रीम चालू होतं. बाहेर तसेही ढगच होते.

आईने चष्म्यातून विचार केला. धर्मसिंधूत हा प्रश्न नसणार. ‘मोबाइलमधला चंद्र चालतो,’ तिने निकाल दिला. ‘तो काही खरा नाही.’

मग आम्ही तिघी सहा इंचाच्या स्क्रीनवर चंद्र बघत बसलो. मी हळूच आईच्या कालनिर्णयातल्या वेळा नासाच्या वेबसाइटशी ताडून बघितल्या. फरक काढायचा म्हटला तरी सापडेना. म्हणजे बघा, जो पंचांगकर्ता स्पर्शाचं मिनिट काढतो, त्याला पृथ्वीची सावली कुठे पडणार हे काटेकोर माहीत असावंच लागतं. राहूचं तोंड मोजून ते मिनिट येत नाही.

मला अशा वेळी ब्रह्मगुप्त आठवतो. आर्यभटाने ४९९ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, लिहून ठेवलं की चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली. विषय संपला. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये, तिशीत, आपला ग्रंथ लिहिला. ग्रहणाचं गणित त्याने उत्तम मांडलं, सावलीचंच. आणि त्याच ग्रंथात आर्यभट आणि मंडळींना झापलंही, की राहू नाही म्हणता म्हणजे काय, वेद आणि स्मृती खोट्या का? चारशे वर्षांनी अल्-बिरुनी भारतात आला, त्याने हे वाचलं आणि तो वैतागलाच. एवढा मोठा गणिती असं कसं लिहितो? मग त्याने स्वतःच अंदाज केला, की बिचाऱ्याने लोकांच्या धाकाने लिहिलं असेल. कॉलेजात हे वाचलं तेव्हा मी अल्-बिरुनीच्या पार्टीत होते. त्या रात्री मात्र मनात आलं, की ब्रह्मगुप्तालाही एखादी आई असेल. बहीण असेल, पंचविसाव्या आठवड्यातली.

असं सगळं थोर-थोर माझ्या डोक्यात चाललं होतं. अकरा वाजता संमीलन झालं, चंद्र पूर्ण तांबडा. पृथ्वीवरच्या सगळ्या सूर्योदयांचा आणि सूर्यास्तांचा उजेड वातावरणातून वाकून चंद्रावर पडतो, म्हणून तो काळा न होता तांब्यासारखा दिसतो. हे मी ताईला सांगत होते आणि ती ‘हं’ म्हणत होती. दुसऱ्यांदा ‘हं’. तिसऱ्यांदा तिचा ‘हं’ आलाच नाही.

‘मला कसंतरी होतंय,’ ती म्हणाली. कपाळावर घाम. हात थरथरत होते.

आता मला जे लिहायची लाज वाटते ते लिहिते. ताईला दोन आठवड्यांपूर्वी गरोदरपणातला मधुमेह निघाला होता. संध्याकाळी जेवणाआधी इन्सुलिन, आणि झोपताना थोडं दूध, एखादी पोळी, हे ठरलेलं. त्या दिवशी तिने वेधांआधी म्हणून साडेचारलाच इन्सुलिन घेऊन जेवण उरकलं होतं आणि झोपतानाचं खाणं ग्रहणात गेलं. तिला वाटलं, पाच-सहा तासांत काय होतंय. आणि मी? दोन दिवस तिच्याशी वाद घालत होते. मी ४९९ सालापर्यंत जाऊन आले, पण ‘तुझ्या इन्सुलिनचं काय?’ एवढं विचारलं नाही. सायन्सची बाजू माझी होती ना!

मी उठून उभी राहिले आणि नुसती उभीच राहिले. जीजू हॉलमध्ये झोपलेले. हालली ती आई. पोथी तशीच उघडी टाकून ती ड्रॉवरमधून साखर मोजायचं मशीन घेऊन आली. ते कसं लावायचं हे तिने कधी शिकून घेतलं कोण जाणे. ताईचं बोट धरलं, सुई टोचली. खग्रास ग्रहण, गरोदर मुलगी, आणि सुई! रक्ताचा थेंब. ५८.

‘साखर आण,’ आई मला म्हणाली. ‘बघत काय उभी राहिलीस? साखर आण!’

तीन चमचे साखर पाण्यात. त्या पाण्यात तुळशीचं पान होतं, ते आईने बोटाने काढून बाजूला टाकलं, घशात अडकायला नको म्हणून. पंधरा मिनिटांनी परत सुई. ७९. मग दूध, पोळी, आणि डॉक्टरांना फोन. त्या झोपेतून उठून शांतपणे म्हणाल्या, अजून अर्ध्या तासाने तपासा, सकाळी घेऊन या, आणि इन्सुलिनची वेळ मला विचारल्याशिवाय बदलायची नाही. ताई पोळी चावत म्हणाली, ‘बाळ लाथा मारतंय.’ तेव्हा कुठे मी खाली बसले.

स्क्रीनवर चंद्राच्या कडेला उजेडाची रेघ आली होती. कुणाचंच लक्ष नव्हतं.

दीडच्या सुमाराला मोक्ष झाला. आईने बाथरूममध्ये जाऊन डोक्यावरून अंघोळ केली, पिण्याचं पाणी ओतून नवीन भरलं, देवापुढे दिवा लावला आणि ताईला म्हणाली, ‘तू सकाळी कर अंघोळ, आता झोप.’ म्हणजे नियम मोडल्याचं तिला वाटतच नव्हतं की काय? की वाटून तिने ते मिटवून टाकलं होतं? मला कळेना.

सकाळी किचनमध्ये ती दुधी चिरत होती. मी विचारलं, ‘काल ग्रहणात सुई टोचलीस, खायला घातलंस. तुला काही वाटलं नाही?’

‘ग्रहण काय, परत येतं,’ ती म्हणाली. ‘पोरीला काय झालं असतं म्हणजे?’ मग दुधीच्या बिया काढत, माझ्याकडे न बघता, ‘कोजागिरीला तुम्ही दोघी गच्चीवर गेला होतात ना?’

माझ्या हातातला कप हलला.

‘किल्ली खिळ्यावर उलटी लावलेली होती सकाळी,’ ती म्हणाली. ‘मी सुलटी लावते.’

दोन वर्षं! दोन वर्षं तिला माहीत होतं. त्या नोव्हेंबरमध्ये, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, त्यानंतरच्या प्रत्येक सणाला, साताऱ्याहून ताईच्या सासूबाई ‘कुठे काय चुकलं कोण जाणे’ म्हणाल्या तेव्हाही.

‘मग बोलली का नाहीस?’

‘काय बोलायचं? तू आधीच जेवत नव्हतीस.’

‘पण तुला... तुला वाटतं का, की त्यामुळे...’

तिने सुरी खाली ठेवली. बराच वेळ ती नळाकडे बघत होती. ‘डॉक्टर म्हणाले ना, त्यामुळे नाही,’ ती म्हणाली. ‘मग नाही.’ आणि परत चिरायला लागली.

तिने ते मानलं होतं की नुसतं ठरवलं होतं, हे मी विचारलं नाही. माझ्याही बाबतीत मला ते नक्की सांगता आलं नसतं.

डिसेंबरमध्ये ताईला मुलगी झाली. दोन किलो नऊशे ग्रॅम, शुगर नॉर्मल, आवाज खणखणीत. नर्सने तिला दुपट्यात गुंडाळून बाहेर आणलं आणि पहिल्यांदा माझ्या हातात दिलं, कारण आई पेढे आणायला खाली गेली होती. सगळ्यांनी डोळे बघितले, जावळ बघितलं, नाक कुणासारखं याच्यावर जीजू आणि त्यांच्या आईमध्ये लगेच मतभेद झाले.

मी सगळ्यात आधी वरचा ओठ बघितला.

खोलीत गेल्यावर ताईने माझ्याकडे पाहिलं. ‘बघितलास?’ ती म्हणाली.

‘काय?’

‘काही नाही. दे इकडे तिला.’